नळाची जागल

आमच्या घरात झोपेची वाटणी फार अन्यायाची होती. बाबांच्या वाट्याला सगळी झोप आली होती आणि आईच्या वाट्याला नळ.

यवतमाळात उन्हाळ्यात नळ कधी येईल, हे पाणी सोडणाऱ्या माणसालाही सांगता येत नसावं. कधी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी, एखाद्या वेळी अख्खा पंधरवडा कोरडा. पहाटे यायचा तसा भर दुपारीही यायचा. पाण्याला जोर इतका कमी की गल्लीत प्रत्येकानं फाटकाजवळ खड्डा खणून नळ त्यात उतरवला होता. खड्ड्यावर फरशी, फरशीखाली नळ आणि नळाच्या तोंडाला फडकं. धरणाच्या तळाचं पाणी गाळासकट येई, म्हणून आई जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून बांधायची. तो रोज सकाळी खळबळून, ओलाच परत बांधायचा हा तिचा नेम. कोरडं फडकं ताठ होतं आणि पहिल्या धारेसरशी निसटतं, असं तिचं म्हणणं. त्यानंतर दिवसभर तिचा एक कान फाटकाकडे असे. पाणी येण्याआधी पाइपातून हवा सुटते, तो फुस्स आवाज तिला कुकरच्या शिट्टीतूनही ऐकू यायचा. मग ती गल्लीभर हाका मारायची आणि लोक बादल्या घेऊन धावायचे. गल्लीत दुसऱ्या कोणी नळाची काळजी करायचं कारणच उरलं नव्हतं.

बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. ती कापसाची पडती वर्षं होती. जिनिंग चार दिवस चाले आणि पंधरा दिवस बंद पडे, त्यामुळे बाबा बहुतेक घरीच. पण इतकी वर्षं त्या यंत्रांच्या घरघराटात काढलेला माणूस घरच्या शांततेत बसला की जागच्या जागी झोपायचा. एकदा आईनं त्यांना खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून बसवलं आणि शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेली. तेवढ्यात नळ आला. खड्डा भरून वाहिला, बाबांची एक चप्पल तरंगत शेजारच्या काकूंच्या फाटकापर्यंत गेली आणि पाणी बंदही झालं. आई परतली तेव्हा बाबा ओल्या पायांनी झोपलेले होते. त्यानंतर नळाच्या बाबतीत त्यांना कोणी काही विचारलं नाही.

या सगळ्यात आईचं बाहेरगाव तुटलं. पुसदला तिची धाकटी बहीण, माझी मावशी. मावशीच्या मुलीच्या साखरपुड्याला आईनं पिशवी भरून ठेवली होती, पण बरेच दिवस नळ आला नव्हता आणि ड्रमचा तळ दिसत होता. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. "बहिणीपेक्षा नळ जवळचा झाला तुले," ती म्हणाली. "आता सोयरीकही त्याच्याशीच कर." आई फोनवर हसली आणि मग बराच वेळ तांदूळ निवडत बसली. त्या तांदळात एकही खडा नव्हता. मला मावशीचा भयंकर राग आला आणि ती खरं तेच बोलली म्हणून जास्तच आला.

आता त्याच मुलीचं लग्न आलं होतं. कापूस पिकला नाही म्हणून एकदा आणि पिकलेला विकला गेला नाही म्हणून एकदा पुढे ढकललेलं लग्न. हेही चुकलं तर मावशी पुन्हा फोन करणार नाही, हे आईला ठाऊक होतं. शेजारच्या काकू ड्रम भरून द्यायला तयार होत्या. पण त्यांना नळ आल्याचं कळणार कसं? त्यांनाही आजवर आईच सांगत आली होती.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या वयात जगातली कुठलीही अडचण एका सर्किटाएवढीच वाटते. मी जाहीर केलं की नळाची जागल आता डबी करील.

डबीत चिंचोक्याएवढी, आठ पायांची एक चिप होती. भारनियमनाचे दिवस, घरातली लाइन कधीही जायची, म्हणून डबीला पेन्सिल सेल. आणि सेल पुरायचे तर चिपनं झोपायला हवं. या चिपला झोपवता येतं, हीच तिची खुबी. झोपली की ती वीज जवळजवळ घेतच नाही. तिच्या एका पायापासून एक तार आणि सेलच्या ऋण टोकापासून दुसरी, दोन्हींची टोकं नळाच्या तोंडात. पाणी आलं की तारा पाण्यातून जोडल्या जातात, पायाला ते कळतं, चिप जागी होते आणि भोंगा वाजवते. मिनिटभर वाजवून गप्प व्हायचं आणि तारा कोरड्या होईपर्यंत परत वाजवायचं नाही, हा शहाणपणाही मीच तिला शिकवला होता. माझ्या हिशेबानं तीन सेल दोन वर्षं पुरणार होते.

ते चार दिवस पुरले. नवे टाकले, तेही तेवढेच टिकले. डबी ना वाजली, ना काही बोलली. गपचूप मेली.

कॉलेजच्या लॅबमध्ये तीच डबी गाढ झोपत होती, तेव्हा दोष सेलचाच असणार. सेल मी बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांकडून घेतले होते. जाऊन त्यांना तसं सांगितलं, जरा मोठ्यानंच. चाचांनी त्याच खोक्यातले दोन सेल काढून स्वतःच्या ट्रान्झिस्टरमध्ये घातले आणि तो काउंटरवर ठेवला. त्यानंतर मी रस्त्यानं दिसलो रे दिसलो, की ते आवाज वाढवायचे. तिसऱ्यांदा सेल घ्यायला गेलो तेव्हा अख्ख्या बाजाराला बातम्या ऐकू येत होत्या. चाचा त्या आवाजातही ओरडून म्हणाले, "सेल अच्छे हैं बाबू. तुमारी डिबिया को नींद नहीं आती." मी सेल घेतले आणि पाठीमागून येणाऱ्या बातम्या ऐकत घरी आलो.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा आई काही विचारेनाशी झाली. तिनं पिशवीही काढली नाही. ते मला सेल संपण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटी कॉलेजातून मीटर आणला आणि खड्ड्यात डोकं घालून बसलो. डबी किती वीज घेते ते मोजायचं होतं. लॅबमध्ये मीटरवर जवळजवळ शून्य दिसायचं. इथं आकडे भरपूर होते. बाबा काय चाललंय ते पाहायला वाकले आणि डबीवर हात फिरवून गेले, तसे आकडे आणखी नाचले. त्यांना वाटलं आपल्याला शॉक बसला. ते घरात जाऊन पडले.

तेवढ्यात आई आली, मला बाजूला सारलं आणि फडकं सोडून नेलं. आकडा खाली आला. तिनं ते खळबळून ओलं परत बांधलं, आकडा वर गेला. मी म्हटलं, सोड. तिनं सोडलं. म्हटलं, बांध. तिनं बांधलं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

लॅबमधल्या नळाला फडकं नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चिपला सांगितलं होतं की तारा ओल्या असतील तोवर जागी हो. फडकं तर चोवीस तास ओलं. चिप डोळे उघडायची, कालचीच ओल आहे असं पाहायची, डोळे मिटायची आणि मिटताक्षणी तीच ओल तिला परत हलवायची. दिवसभर हेच. फडकं धुवायला सोडलं तरी तारा ओलसरच राहत, त्यामुळे ही ओल नवी आहे असं तिला कधी वाटलंच नाही आणि भोंगा वाजला नाही. शिवाय ओल्या फडक्यातून वीज सतत झिरपत होती ती वेगळीच. आणि उरलेले पाय मी मोकळे सोडले होते. मोकळ्या पायाला आपण ओले की कोरडे याचा पत्ता लागत नाही, शेजारून कोणाचा हात गेला तरी तो चाळवतो आणि त्या चाळवण्यात वीज जाते. एकूण माझी चिप एक क्षणभरही झोपली नव्हती. हे मी आईला समजावून सांगितलं. ती मन लावून ऐकत होती.

"म्हंजे माह्यावानीच झालं तिचं," ती म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

मग मी चिपला नवा नियम दिला. कोरड्याचं ओलं होईल त्या एका क्षणालाच जागं व्हायचं, नुसत्या ओलीसाठी नाही. तारेच्या वाटेत वीज जेमतेम झिरपेल असा मोठा रोध टाकला आणि मोकळे पाय बांधून टाकले. आता फडकं ओलं असलं तरी मीटर हलेना. फक्त एक अडचण उरली. फडकं ओलं असेल तर तारा आधीच ओल्या, मग नळ आला तरी कोरड्याचं ओलं होणार कुठून? म्हणजे फडकं काढायला हवं. आई तयार होईना. पाण्यावाचून राहीन, म्हणाली, पण गाळ पिणार नाही. दोन दिवस वाटाघाटी चालल्या. ठरलं असं की, लग्नाच्या दिवशी फडकं काकूंकडे द्यायचं, भोंगा वाजला की त्यांनी आधी ते बांधायचं आणि मगच ड्रम भरायचा. आईनं आणखी एक अट घातली. संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, मुक्काम करायचा नाही.

निघताना घाई झाली. आईनं काकूंना किल्ली दिली, ड्रम दाखवला, बादली दाखवली. मी फडकं सोडलं, तारा पुसून नळाच्या तोंडात नीट बसवल्या, फरशी सरकवली. बाहेर बाबांनी ऑटो थांबवला होता आणि त्यात बसून ते डुलक्याही घेऊ लागले होते. मी हात झटकत पळालो.

पुसदला मावशी मांडवाच्या तोंडाशीच उभी होती. तिनं आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नळ बी आणला काय व संगं?" मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मलाही भरून आलं, म्हणून मी कूलर बघायला गेलो. लग्न लागेपर्यंत आईचं अर्धं लक्ष आवाजांकडे होतं. आचाऱ्याची शेगडी फुसफुसली की ती मान वळवायची. पंगतीत वाढायलाही उठली, मावशीनं हात धरून खाली बसवली.

जेवणानंतर मावशीनं तिला आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर पाडलं. आई पडली आणि झोपली. मी दारात बसलो होतो. बाहेर बँडवाले पुन्हा सुरू झाले, ती हलली नाही. पोरं अंगावरून उड्या मारून गेली. अंगणात टँकर आला, बायका भांडी आपटत धावल्या. आई तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. तिला असं झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या घरी मी उठायच्या आत ती उठलेली असे आणि मी झोपलो तरी ती जागी. चिपला कसं झोपवायचं यात मी महिना घालवला होता, त्याची मला लाज वाटली. उकाड्यानं घामाच्या धारा लागल्या होत्या. मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसत होतो.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. काकू होत्या. डबी अशी बोंबलली की गल्लीच्या टोकापर्यंत लोक बादल्या घेऊन बाहेर आले, म्हणाल्या. सगळ्यांचं पाणी भरून झालं, आपला ड्रमही काठोकाठ. फक्त पाणी चहासारखं आलंय, कारण त्यांनी आधी फडकं शोधलं, घर शोधलं, खड्ड्यात पाहिलं. "फडकं ठेवलं कुठी रे तू?"

"नळालाच तर," असं मी अगदी दबक्या आवाजात म्हणायला लागलो आणि थांबलो. बँडनं न उठलेली आई त्या एका शब्दानं जागी झाली होती.

"नळ आला?"

मी मान हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. माझ्या हातात हिरव्या लुगड्याचा चौपदरी तुकडा होता. सकाळपासून मी त्यालाच घाम पुसत होतो. यवतमाळच्या ड्रममध्ये गाळ आणि गाळणं पुसदला, एवढा हिशेब तिनं डोळे अर्धे मिटलेले असताना केला. आता ती उठणार, पिशवी मागणार, मावशी पुन्हा रुसणार, असं माझ्या मनात आलं. फोनमधून काकू अजून फडकं विचारत होत्या.

"डबीचे सेल किती दिवस पुरन म्हनलं तू?" आईनं विचारलं.

"दोन वर्षं."

"गाळ बसन खाली. तुरटी हाय खिडकीत, सांग तिले." तिनं पदर तोंडावर ओढला. "मंग परवा जाऊ."

आणि कूस बदलून ती परत झोपली.