काडेपेटीकाकूंच्या मेणबत्त्या

इमारतीत त्यांना सगळे काडेपेटीकाकू म्हणत. अंगानं एवढ्याशा, पटकन पेट घेणाऱ्या, आणि पिशवीत कायम काडेपेटी. नाव नवऱ्यानंच ठेवलेलं, म्हणून चाललं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

काकू लॉन्ड्रीत इस्त्री करत. शेजारच्या दुकानात वाकलेल्या, तुटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या मेणबत्त्या स्वस्तात निघाल्या की पहिलं गिऱ्हाईक काकूच. कुणी हसलं तर म्हणायच्या, "वाकडी मेणबत्ती काय वाकडा उजेड देते?" लहानपणी त्यांचे वडील अंधारात जिन्यावरून पडले होते. घरात उजेड करायला काहीच नव्हतं आणि आई नुसती हाका मारत राहिली होती. हे त्या कुणाला सांगत नसत, फक्त मेणबत्त्या घेत.

अख्ख्या इमारतीला त्यांनी शिस्तही लावली होती. "लाइट गेले की फोनची बॅटरी जाळत बसू नका. फोन मदतीला बोलवायला, उजेडाला मेणबत्ती!" लोक मागं चेष्टा करत, पण ऐकत.

मग काकांची छाती बिघडली. काका बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि दोन खोल्या चालल्या तरी त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. मशीन विजेवर चालायचं; वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर. बसवायला आलेल्या माणसानं नाकाला लावलेली नळी मशीनवरून काढून सिलिंडरला कशी जोडायची ते दाखवलं आणि जाताना बजावलं, "या घरात काडी ओढायची नाही, मेणबत्ती नाही, काही नाही. ऑक्सिजन चालू असताना कपड्यानं पेट घेतला तर विझवायलासुद्धा वेळ मिळत नाही."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या मेणबत्त्या दारोदार वाटून टाकल्या. समोरच्या घरातल्या सूनबाईला तर पिशवीतली काडेपेटीही देऊन टाकली. कशासाठी, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याचं दुखणं दारोदार सांगत फिरणं त्यांना जमणारं नव्हतं.

बदल्यात त्यांनी सवलतीत तीन इमर्जन्सी दिवे आणले आणि प्लास्टिकसकट कपाटावर मांडून ठेवले.

"अगं, चार्ज तरी कर ते," काका म्हणाले.

"दुकानातनं भरूनच येतात. उगाच वापरून जुने कशाला करायचे?"

"मग काय, त्यांच्याकडे बघत बसायचं?"

"गरज पडली की कळेल."

गरज पडली ती थंडीतल्या एका संध्याकाळी. बाहेर कुठंतरी मोठा आवाज झाला आणि घरातले, जिन्यातले, रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम गेले. मशीननं कर्कश शिटी दिली आणि त्याची घरघर थांबली.

"असू दे," अंधारातून काका म्हणाले. "घाई... करू नकोस."

ते मधलं थांबणं ऐकताच काकू कपाटाकडे वळल्या. त्यांनी चाचपडत दिवा काढला, दातांनी प्लास्टिक फाडलं, बटण दाबलं. काही नाही. दुसरा. नाही. तिसऱ्यात एक तांबूस ठिपका उमटला आणि विझला. फोन शोधला, तर दुपारभर बहिणीशी बोलून तोही मेलेला.

काका आता बोलत नव्हते. त्यांचा श्वास करवतीसारखा येत होता.

काकूंनी भिंतीला धरून सिलिंडर गाठला, चावी फिरवली. फुस्स करून हवा सुटली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आधी नळी जोडायची होती! मशीनला हात घालून त्यांनी नळी ओढून काढली, पण टोक हातातून निसटलं. त्या गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागल्या. चप्पल लागली, वायर लागली. नळी नाही. डोक्याशी ऑक्सिजन खोलीत वाहत होता आणि ज्याला हवा तो हातभर अंतरावर घुसमटत होता.

तेवढ्यात दार ढकललं गेलं.

"काकू, घाबरू नका! मी आलेय, उजेड आणलाय!"

समोरची सूनबाई. हातात बशी, बशीत पेटलेली वाकडी मेणबत्ती. तिच्यामागं जिन्यात आणखी ज्योती वर येत होत्या.

"थांब तिथंच!" काकू अशा ओरडल्या की सूनबाईच्या हातातली बशी हलली. "पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन! बाहेर हो! सगळे बाहेर! विझवा!"

"अहो, पण मी तर..."

"ऑक्सिजन सुटलाय इथं! जळून मरू सगळे!"

सूनबाई मागं सरली, जिन्यात जाऊन तिनं फुंकर मारली. तिच्यामागच्या ज्योती एकामागून एक विझल्या आणि अंधार आणखी दाट झाला.

"फोन!" काकू आतून म्हणाल्या. "फोनचा लाइट लाव."

"तुम्हीच म्हणता ना, फोनची बॅटरी..."

"मी काय वाट्टेल ते म्हणते! लाव गं बाई, लाव!"

पांढराशुभ्र झोत आत आला. पलंगावर काका तोंड उघडून पुढं वाकले होते, ओठ काळेनिळे. नळीचं टोक काकूंच्याच गुडघ्याखाली होतं. त्यांनी ते सिलिंडरच्या तोंडाला लावलं, निसटलं, पुन्हा लावलं, दाबलं. मग काकांच्या नाकापुढं तळवा धरून त्या तशाच बसून राहिल्या. वारा लागला. हलका, गार. थोड्या वेळानं काकांचे खांदे खाली आले.

सूनबाई उंबऱ्याबाहेरच उभी होती. आत यायला धजत नव्हती, हात मात्र उंच धरलेला. झोत काकांच्या चेहऱ्यावरून सारखा ढळत होता.

"हलवू नकोस," काकू म्हणाल्या आणि लगेच हलक्या आवाजात, "दुखतोय का हात?"

"नाही." मग नाक ओढत, "तंगडं मोडणार होतात माझं."

काकू उठू पाहत होत्या, पण काकांच्या नाकापुढचा तळवा काढवेना. त्यांना तिच्याजवळ जायचं होतं, काहीतरी म्हणायचं होतं.

पलंगावरून काकांनी एकेक शब्द जुळवला.

"अगं... तिला आत... बोलाव की."



सूनबाईनं चपला दाराशी काढल्या, आत येऊन काकूंच्या शेजारी फरशीवर बसली आणि दुसऱ्या हातानं आपला दुखरा हात खालून धरला. काकूंनी तिचा हात बाजूला केला आणि त्या कोपराखाली स्वतःचा तळवा लावला. वीज येईपर्यंत त्या दोघींनी तो झोत काकांच्या चेहऱ्यावरून ढळू दिला नाही.