आमच्या मॅडम हुबळीच्या

बेळगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आप्पा माझ्याकडे न बघता गाडीच्या पाटीकडे बघत उभे होते. आमच्या येळ्ळुरात निघालेल्या माणसाला कुणी ‘जा’ म्हणत नाही, ‘ये’ म्हणतात. आप्पा म्हणाले, “जा. तिकडं सगळी आपली मराठी माणसं हाईत. सुधारलास तरच ये.” मी मान हलवली. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली क्वार्टर होती. निपाणी मागे पडली, कोगनोळीचा नाका ओलांडला आणि महाराष्ट्रात शिरल्या शिरल्या मी ती उघडली.

भोसरीत खोली मिळाली, मशीनशॉपमध्ये काम मिळालं. जन्मभर दंडाला काळी फीत बांधून, महाराष्ट्रात जायचंय म्हणून घसा फोडला आणि इथं माझं नाव पडलं ‘कर्नाटकवाला’. घ्या! पण त्याचं दुःख नव्हतं. मी ज्याच्यापासून पळालो होतो, ते माझ्याबरोबर त्याच गाडीनं आलतं.

बेळगावला असताना उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी आणि माझ्या गल्लीतला परशा जोडीनं काम करायचो. वितळलेल्या लोखंडाची लॅडल, म्हणजे लांब दांड्याचं भांडं, दोघांनी दोन टोकांना धरून साच्यापर्यंत न्यायची. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पिऊन कामावर गेलतो. माझा हात लटपटला, माझं टोक खाली गेलं. मिस्त्री कन्नडात “हिडी, हिडी” म्हणून ओरडला, म्हणजे धर, धर. मला धरता आलं नाही. लोखंड परशाच्या अंगावर सांडलं आणि अकराव्या दिवशी दवाखान्यातच त्यानं जीव सोडला.

दांडा सटकला, असंच सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. परशाच्या आईला आख्खी गल्ली आक्का म्हणते. तिनं मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “तू तरी वाचलास रं लेकरा.” त्या दिवसापासून मी शुद्धीवर राहणंच सोडलं.

भोसरीच्या साहेबानं कामावरून काढायच्या आधी एक शेवटची संधी दिली. मोबाईलवर समुपदेशनाचं ॲप टाकून दिलं. ॲपनं विचारलं, भाषा कुठली? येळ्ळूरचा माणूस दुसरं काय निवडणार? मराठी! पुण्याचे एक सर मिळाले. सज्जन माणूस, बोलणं एकदम स्वच्छ. त्यांच्यापुढं मीही वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिल्यासारखा बोलायला लागलो. ‘कौटुंबिक ताणतणाव’ म्हणालो, ‘मानसिक अस्वस्थता’ म्हणालो. परशाचं नाव काढलं नाही. मराठीत तोंड उघडलं की समोर आप्पा यायचे, आक्का यायची. फोन ठेवला की मी सरळ दुकान गाठायचो.

मग सर रजेवर गेले आणि ॲपनं हुबळीच्या एक मॅडम दिल्या. त्या म्हणाल्या, “मराठी थोडं थोडं येतं. कन्नड चालेल का?” माझं टाळकंच सरकलं. ज्या भाषेच्या पाट्यांना आम्ही डांबर फासलं, त्या भाषेत मी माझं रडगाणं गाऊ? फोन बंद करणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “हेळ्री.” सांगा. नुसतं तेवढंच.

खरं सांगतो, परशा भाजला त्या दिवसाचा आवाजच कन्नड होता. फौंड्रीत आम्ही दिवसभर कन्नडच बोलायचो. कन्नडात माझे आप्पा नव्हते, आक्का नव्हती, गल्ली नव्हती. रविवारी सकाळी दहा वाजता, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून, मी त्या बाईला सगळं सांगितलं आणि हुंदके देऊन रडलो. खोलीतली पोरं म्हणाली, कर्नाटकवाल्याला कन्नड पोरगी भेटली वाटतं. म्हणू देत.

मॅडमनी आधी मला भोसरीतल्या डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांनी गोळ्या सुरू केल्या. दारू एकदम सोडायची नाही, मॅडम म्हणाल्या, अंगाला झेपत नाही. मधे एकदा घसरलो, चार दिवस गायब होतो. वाटलं, आता झापतील. त्या म्हणाल्या, “आलात ना? मग बसा.” दर रविवारी बसलो. वर्षभरानं त्या म्हणाल्या, “आता हेच मला मराठीत सांगा. मला सगळं कळलं नाही तरी चालेल.” मला अर्धा तास लागला. माझ्याच भाषेत मला शब्द जुळवावे लागले.

यंदाच्या जत्रेला गावी आलतो. पाव्हणे बसलेले, मटणाचा वास सुटलेला, काका पेले भरत आलेले. जत्रेत नको म्हणणं म्हणजे घरच्यांचा अपमान, हे आपल्या गावात लहान पोरालाही माहीत आहे. मी पेला पालथा घातला. काका म्हणाले, “लई शाणा झालास व्हय रं? कुणी शिकवलं?” मी म्हणालो, “हुबळीच्या मॅडमनी.” आप्पांनी वर बघितलं. “कन्नड?” म्हणाले. “व्हय आप्पा. कन्नड.”

काका पेले घेऊन पुढं सरकले. सरकू देत! मोर्चा निघाला तर मी आजही पुढं चालेन, मराठी माझी आहे आणि माझीच राहील. पण मला जिवंत ठेवलं ते कन्नडनं. हे ज्याला पचत नाही, त्यानं खुशाल माझ्या नावानं खडे फोडावेत. आणि बाहेर गेलेल्या गड्यांनो, तुमच्यातलं कुणी आतून जळत असेल, तर ज्या भाषेत तोंड उघडेल त्या भाषेत उघडा.

पंगतीतून तसाच उठलो आणि आक्काच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, “आक्का, दांडा सटकला न्हवता. मी पिऊन आलतो. माझ्या हातनं परशा गेला.” मराठीत, एका दमात. तिचा हात सुपातच थांबला. मग खाली बघतच ती म्हणाली, “जा.”

मी उठलो. माझा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि मागून तिचा आवाज आला.

“उद्या ये.”

कुणी आता घर कुठलं विचारलं तर भोसरी सांगत नाही, येळ्ळूरही सांगत नाही. जिथं खरं सांगितल्यावरसुद्धा ‘उद्या ये’ म्हणतात, ते माझं घर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. शुद्धीवर गेलो.