शेळीची सत्तावीस चित्रे

इतकी वर्षे खाकी घातली, दरोडेखोरांच्या मागे माळरान तुडवले, विहिरीतून प्रेते काढली. पण भीती काय चीज असते हे मला ज्या प्रकरणाने दाखवले, त्यात ना सुरा होता ना रक्त. होती ती एका शेळीची चित्रे. नावे कुणाचीच लिहीत नाही. माणसे गेली, पण त्यांच्या घरचे अजून सोलापुरात नांदत आहेत.

शहरात लष्करी कायदा पुकारला होता ते दिवस. डोक्यावर कोणती टोपी घालावी याचासुद्धा माणूस दोनदा विचार करी. निशाण हातात धरले म्हणून एका तरण्या माणसाला वर्षानुवर्षांची सक्तमजुरी झालेली मी आठवड्यापूर्वीच पाहिली होती. लोक आम्हाला भीत, आम्ही साहेबाला भीत होतो, आणि साहेब कुणाला भीत होता ते त्याचे त्याला ठाऊक.

एके सकाळी आमच्या चौकीसमोरच्या भिंतीवर, सरकारी जाहीरनाम्याला लागूनच, एक छापील चित्र चिकटवलेले सापडले. एक शेळी तोच जाहीरनामा भिंतीवरून ओढून खाते आहे आणि एक टोपीवाला गोरा तिचे शेपूट धरून मागे खेचतो आहे. शेळीचे एक शिंग मोडलेले, गळ्यात घुंगराऐवजी कुलूप. खाली एक अक्षर नव्हते. दुपारपर्यंत तसली आणखी चार चित्रे निघाली.

साहेबांनी मला बोलावून ते टेबलावर पसरले. आवाज चढवला नाही. "परवा सकाळी दहा वाजता हे काढणारा हात माझ्यासमोर पाहिजे," एवढेच म्हणाले. ओरडणारा वरिष्ठ परवडतो. हळू बोलणाऱ्याने माझी झोप उडवली.

भ्यालेली माणसे दोन तऱ्हेची असतात. एक गप्प बसतात, दुसरी अर्ज लिहितात. त्याच दिवशी डाव्या हाताने लिहिलेला एक निनावी अर्ज चौकीत आला : 'कुलूपवाल्या शेळीची हाताने काढलेली अस्सल चित्रे अमुक पेठेत अमुक मास्तरांच्या पेटीत आहेत.' ही शेळी तशी शहराच्या ओळखीची होती. मुलांच्या एका मासिकात दर महिन्याला तिची चित्रगोष्ट येई. मासिक बंद पडले होते, संपादक परमुलखात गेले होते, आणि चित्रकाराने नाव कधी छापू दिले नव्हते. छापील अंक घरोघर सापडले असते. पण अस्सल चित्रे ज्याच्याकडे, त्याला तो हात माहीत असणारच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन पंच आणि माझा हवालदार घेऊन मी मास्तरांच्या दारात उभा राहिलो. हवालदार सांगोल्याकडचा, घरी शेळ्यामेंढ्या पाळणारा. मास्तर पन्नाशीचे, विधुर, शाळेत गणित शिकवणारे. झडतीचा हुकूम त्यांनी पुरता वाचला, लोखंडी पेटी स्वतः ओढून काढली आणि म्हणाले, "फौजदारसाहेब, उघडा. पण हात धुऊन घ्या आधी."

पोलिसाला असे कुणी सांगत नाही. हवालदार माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मग का कोण जाणे, आम्ही दोघेही मोरीत जाऊन हात धुऊन आलो.

पेटीत धुतलेल्या धोतराच्या घड्या होत्या, घडीघडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि मध्ये एकेक चित्र. पंचनाम्यात 'चित्रे नग सत्तावीस' एवढे लिहून भागत नाही. मुद्देमाल ओळखता येईल असे एकेकाचे वर्णन लागते. म्हणून मला प्रत्येक चित्र नीट पाहणे भाग पडले. शेळी न्हाव्यापुढे दाढी करवून घेते. शेळी कापसाच्या काट्यावर बसून वजन करून घेते. शेळी शाळा तपासायला येते आणि हजेरीपट खाते. एका पंचाला हसू फुटले, आणि आपण पोलिसांसमोर हसलो हे ध्यानात येताच त्याचा चेहरा पांढरा पडला.

मासिकात मी ही शेळी पाहिली होती, पण हे निराळेच होते. शाईखाली पेन्सिलीच्या रेघा दिसत होत्या. एक पाय तीनदा खोडून चौथ्यांदा जमला होता. कुठेकुठे पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन काहीतरी झाकले होते. छापलेल्या कागदावर शेळी तेवढी असते. इथे ती काढणारा माणूस माझ्या शेजारी बसल्यासारखा वाटत होता. आणि प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे, दुकानाच्या पाटीवर नाहीतर टांग्याच्या पाठीवर, एका मुलीचे नाव लिहिलेले होते. एकच नाव.

मास्तरांना चौकीत आणून बसवले. तपासणीत मी आधी गप्प बसतो. समोरच्याला शांतता सोसत नाही. मास्तरांना ती सोसली.

"चित्रं कुणाची?"

"माझी."

"काढली कुणी?"

"पोस्टानं येत. पाठवणाऱ्याचं नाव नसे."

"मास्तर, तुम्ही मुलांना गणित शिकवता. खोटं तुम्हाला जमत नाही."

त्यांनी मांडीवरचे हात मांडीखाली दाबून धरले. मी विषय बदलला. पाटीवरचे नाव कुणाचे, असे विचारले.

"मुलीचं. नऊ वर्षांची होऊन गेली," मास्तर म्हणाले. "पायानं अधू होती. अंथरुणावरच असायची. चित्र छापायला जायच्या आधी तिला दाखवायला घरी यायचं. शाई ओली असायची, ही बोट लावायची, डाग पडायचे. मग त्या डागांवर पांढरा रंग. तुम्ही पंचनाम्यात 'दुरुस्ती' लिहिलंत ना, त्या दुरुस्तीखाली तिची बोटं आहेत." मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "पोस्टानंच येत, साहेब."

पोस्टाने आलेली शाई ओली नसते, हे त्यांना कळले आणि मलाही. पण नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. साहेबांच्या बंगल्यावर नेले असते तर काय झाले असते, ते मला ठाऊक होते. मी त्यांना कोठडीत बसवले आणि चित्रे घेऊन खिडकीपाशी गेलो.

एक चित्र उन्हात धरले. कागदातून बारीक चौकटी दिसत होत्या, मोजून आखलेल्या. काही चौकटी रंगाने भरलेल्या, लुगड्याच्या काठाचे अर्धे रुईफूल, कोपऱ्यात नक्षीचा आकडा. मी पूर्वी एका हातमाग कारखान्याशेजारी भाड्याने राहत असे. नक्षी काढणारे असला कागद वापरतात; एक चौकट म्हणजे एक धागा. चित्रकाराने त्याच कागदाच्या पाठीवर शेळी काढली होती आणि चौकटींची बाजू झाकायला साधा पातळ कागद चिंचोक्याच्या खळीने चिकटवला होता. एकामागून एक सगळी चित्रे उन्हात धरली. आकडा मिळाला म्हणजे कारखाना मिळाला, कारखाना मिळाला म्हणजे माणूस. माझे काम फत्ते झाले होते.

साध्या कपड्यांत एकटाच पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत गेलो आणि त्या आकड्याचा कारखाना गाठला. मला पाहून माग एकामागून एक थांबले. नक्षीकार तिशीचा, जाड चष्म्याचा. त्याची बायको सुताच्या कांड्या भरत बसली होती. आकडा ऐकताच तो उठला.

"मास्तरांनी सांगितलं व्हय?"

"मास्तर कोठडीत आहेत आणि तोंड मिटून आहेत. तुझ्या कागदानं सांगितलं. दुसरा कागद मिळाला नाही तुला?"

"मोजलेला कागद आमच्यात टाकत न्हाईत, साहेब. जुना झाला तरी पाठीवर कायतरी काढायचं. टाकला तर धागा तोडल्यागत हुतं." त्याने दोन्ही हात जोडून माझ्यापुढे धरले, नमस्काराला नव्हे, बेडीला. "भिंतीवरचं चित्र लागलं तवाच मी मास्तरांना सांगितलं हुतं, पेटीतली समदी जाळा म्हनून. ते म्हनले, पोरीला दुसऱ्यांदा जाळू व्हय?"

त्याची बायको कांडीचे चाक फिरवत राहिली, आणि त्यावर धागा नव्हता.

मी त्याला बेडी घातली नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दया आली म्हणावे तर मी तसा दयाळू म्हणून कधी ओळखला गेलो नाही. त्या जोडलेल्या हातांच्या बोटांवर शाईचे डाग होते, आणि साहेबांनी मागितलेला हात तो हाच, एवढेच मनात येत होते. "चार दिवस कुठं जाऊ नको. पळालास तर सापडशील," असे सांगून परतलो.

आता प्रश्न मुद्देमालाचा. सकाळी दहाला चित्रे साहेबांपुढे जायची होती, आणि साहेबाला खिडकी होती, ऊन होते, डोळेही होते. जाळावी तर चौकीत मुद्देमाल जाळणारा फौजदार मीच. तेव्हा हवालदार म्हणाला, "साहेब, मागं कोंडवाड्यात दोन शेरडं हायती. कालपास्नं उपाशी. खळीचा कागद म्हंजे त्यांना पेंडच की." एवढे बोलून तो भिंतीकडे पाहत राहिला.

भल्या सकाळी मास्तरांना 'मुद्देमालावर सह्या घ्यायच्या' म्हणून कोठडीतून काढले आणि कोंडवाड्यापाशी नेले. चौकटींची गोष्ट सांगितली. "हे कागद राहिले तर तो माणूस जाईल. कागद गेले तर वाचेल. मीच टाकतो, तुम्ही तिकडं तोंड करा."

"नको," मास्तर म्हणाले. "मी देतो."

आज हे वाचून कुणाला हसू येईल. तेव्हा कुणी हसले नाही. मास्तर एकेक चित्र हातात घेत, पुरते पाहत आणि शेळीपुढे धरत. शेळी आधी पाठीची खळ चाटी आणि मग कागद ओढी. मास्तर मोठ्याने मोजत होते, वर्गात पाढा म्हणावा तसे. मी फाटकाकडे पाहत होतो. कुणी आले तर मास्तर, हवालदार आणि मी, तिघेही संपलो असतो.

सव्विसाव्यानंतर ते थांबले. हातात सगळ्यांत आधी काढलेले, पहिले चित्र होते, शेळी टांग्यातून शहरात येते ते. त्याच्या कोपऱ्यात एका लहान बोटाचा काळा ठसा होता. चित्रकाराने तेवढा एकच झाकलेला नव्हता.

"एवढं एक राहू द्या, साहेब. पायजे तर जमिनीत पुरून ठेवीन."

"एक चौकटसुद्धा पुरते, मास्तर," मी म्हणालो. "त्याचा जीव जाईल."

त्यांनी मान हलवली. "सत्तावीस," म्हणाले, आणि हात पुढे केला.

साहेबांपुढे चघळलेले दोन कोरे तुकडे ठेवले आणि मुद्देमाल शेळीने खाल्ला म्हणून सांगितले. त्यांनी तुकडे उलटून पाहिले. मग हवालदाराला विचारले, आणि तो छाती काढून म्हणाला, "व्हय साहेब, शेरडूच त्ये. त्येला काय कळतंय मुद्देमाल कुठला अन् पाला कुठला?" मी त्याचे इंग्रजी करून सांगितले. निष्काळजीपणाचा शेरा आणि करमाळ्याला बदली, एवढ्यावर माझे भागले. पुराव्याअभावी मास्तर सुटले. पुढे लष्करी कायदा उठला आणि त्या चित्राबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही.

पुष्कळ वर्षांनी सोलापुरात परत आलो तेव्हा मास्तरांकडे गेलो. थकले होते, पण ओळखले. नक्षीकाराने त्यांना नवी चित्रे काढून दिली होती. ती त्यांनी शेजारच्या मुलांना वाटून टाकली होती. "छान होती," म्हणाले, "पण ती मुलांचीच." निघताना मी चाचरत म्हणालो की त्या दिवशीचे मनातून जात नाही. त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही योग्य तेच केलंत. एका चौकटीनं तो गेला असता. मी तेवढ्यावर मनाचं समाधान करून घेतलं आहे."

मी चहा घेतला आणि घरी आलो. तेव्हा सांगितले नाही, ते आता लिहितो, कारण मास्तर आता नाहीत.

खिडकीपाशी मी सगळी चित्रे उन्हात धरली होती. पहिले चित्र साध्या, चांगल्या कागदावर होते. त्यात एकही चौकट नव्हती. हे मला त्या सकाळी पक्के ठाऊक होते. मास्तरांनी ते मागितले तेव्हा मला नक्षीकाराचा जीव आठवला नव्हता, माझी नोकरी आठवली होती : सत्तावीसच्या सत्तावीस गेली तर शेळीने खाल्ली, एक जरी उरले आणि पुढे कुठे सापडले तर मी खाल्ली. भ्यालेला आरोपी खोटे बोलतो हे मी नव्या शिपायांना जन्मभर शिकवत आलो. त्या दिवशी कोंडवाड्यात खोटे फक्त मी बोललो, आणि मास्तर ते खरे धरून गेले.