मजेतला आवाज

दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरवर जिनं उभा जन्म काढला, तिला नावानं कोण कशाला हाक मारेल? त्या सगळ्यांच्याच काउंटरबाई. आत कुणाची तरी दाढ उपटली जायची, तो बिचारा बोंबलायचा, आणि बाहेर या पुढच्या पेशंटला सांगायच्या, "या ना, बसा. अजिबात दुखत नाही." हे म्हणताना बाईंची हनुवटी जराशी वर जायची, शब्दांआधी बारीकसं हसू यायचं आणि शेवटचा शब्द लांबायचा. भलेभले त्या आवाजाच्या भरवशावर मुकाट आत गेले. अर्धी भूल बाईच देतात, असं डॉक्टर म्हणायचे.

दवाखान्यातला आवाज दवाखान्यातच ठेवायचा असतो. बाईंनी तो घरी आणला. नवरा आजारी पडला तेव्हा मुलाची परीक्षा चालू होती, मुलगा होस्टेलवर. "बाबा कसे आहेत?" असं त्यानं फोनवर विचारलं की बाई सांगायच्या, "मजेत आहेत रे." शेवटचा पेपर देऊन पोरगा घरी आला, तर दारात माणसं जमलेली. तो आईला एका शब्दानं बोलला नाही. पण ते तो विसरलाही नाही.

पुढे चिरंजीव नोकरीला लागले, विमानात बसून लांब गेले, लग्नही केलं. बाई निवृत्त झाल्या. उरल्या दोन खोल्या आणि फ्रिजची घरघर. रविवारी फोन यायचा. "कशी आहेस?" "मजेत रे." फोन ठेवला की पुढच्या रविवारपर्यंत तोंड उघडायचं कारण नाही. बोलणार कुणाशी, कुकरशी? त्याला निदान शिट्टी तरी मारता येते. खरं सांगायचं तर बाई एकटेपणानं आतून पोखरून निघाल्या होत्या, आणि ते कबूल करायची त्यांना लाज वाटत होती.

अशात डॉक्टरांच्या भाचीचा निरोप आला. ती एका कंपनीत होती. माणूस खूश आहे की दुःखी आहे, हे नुसत्या आवाजावरून ओळखायला तिथे कॉम्प्युटरला शिकवत होते. त्यासाठी माणसांचे आवाज हवे होते. चला, तेवढंच कुणी ऐकेल, म्हणून बाई गेल्या.

खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून भाची. हातात एक कार्ड, त्यावर साधी वाक्यं. 'दार उघडं आहे.' 'जेवण तयार आहे.' तेच वाक्य रागानं म्हणायचं, दुःखानं म्हणायचं, आनंदानं म्हणायचं. रागात बाई कच्च्या निघाल्या. दुःखाला तर शब्दच फुटेना. पण आनंदाची पाळी आली तशी बाईंनी डोळे मिटले, रविवारचा फोन कानाला लावलाय असं समजल्या आणि हनुवटी वर करून म्हणाल्या, "जेवण तयार आहेऽ."

भाची काचेमागे उठून उभी राहिली. "काकू, किती आनंद आहे हो तुमच्या आवाजात. अजून म्हणा." बाईंनी म्हटलं. दुपारभर म्हटलं. कौतुक कुणाला नको असतं?

काही महिन्यांनी मुलानं एक वस्तू पाठवली. तळहाताएवढा पांढरा गोळा, फ्रिजवर ठेवायचा. घरात आई काही बोलली की तिकडे त्याच्या फोनवर हसरा, रडका किंवा साधा चेहरा उमटणार. "आता तुला काही लपवता यायचं नाही," तो म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण बाईंचं काळीज चरकलं. मग वाटलं, बरं झालं. आपल्याला जे सांगता येत नाही ते हा गोळा तरी सांगेल. सुट्टीत येतो असं पोरानं म्हटलंच होतं. बाईंनी त्याच्या कॉटवर धुतलेली चादरसुद्धा घालून ठेवली.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "गोळा तर सारखा हसरा चेहरा दाखवतोय. मग या सुट्टीत राहू दे का? पुढच्या वर्षी नक्की येतो."

बाईंनी फोन ठेवला आणि गोळा खाली काढून उलटा केला. खाली एक निळा पक्षी छापला होता. हाच पक्षी त्यांनी भाचीच्या ऑफिसच्या दारावर बघितला होता. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आयुष्यभर मुलाला जो खोटा आवाज ऐकवला, तोच बाईंनी मशीनला आनंद म्हणून शिकवून ठेवला होता.

दुसऱ्याच दिवशी बाई भाचीच्या ऑफिसात जाऊन बसल्या. "माझा आवाज काढून टाका," त्या म्हणाल्या.

"असं नाही निघत हो काकू," भाची म्हणाली. "चहात विरघळलेली साखर परत काढता येते का? आणि काढायचा कशाला? आनंदाला तुमच्याइतका चांगला आवाज दुसरा कुणाचाच नव्हता."

"अगं, पण तो खरा नव्हता."

"नाटक तर सगळ्यांनीच केलं. तेच करायला बोलावलं होतं ना?"

नाटक नाही गं, सवय आहे ती, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाची करणार? बाई घरी आल्या.

आता एकच उपाय होता. सरळ सांगायचं. आठवडाभर त्यांनी मनातल्या मनात वाक्य घोटलं, आणि रविवारी फोन आल्याआल्या म्हणून टाकलं, "मला एकटीला करमत नाही रे. तू ये."

पण सांगून काय उपयोग? हनुवटी आपोआप वर गेली होती. आधी ते मेलं हसूही आलं होतं.

"घाबरवलंस की," मुलगा हसला. "इथे बघ, केवढा हसरा चेहरा आलाय. चेष्टा करतेस होय?"

पालथ्या घड्यावर पाणी. बाई खुर्चीत टेकल्या. काहीतरी बोलायचं म्हणून नेहमीसारखं म्हणाल्या, "बरं, सूनबाईला दे जरा."

"ती आत्ताच बाहेर पडली गं."

"बरी दर रविवारी बाहेर पडते. भांडलात की काय?"

"छे गं. आम्ही अगदी मजेत आहोतऽ."

बाई दचकल्या. शब्दांआधी बारीकसं हसू आलं होतं. शेवटचा शब्द लांबला होता. तिकडे त्याची हनुवटीही वर गेली असणार, हे त्यांना न बघता कळलं. या आवाजाचा गोळा हा दुसरा विद्यार्थी. पहिला तिकडे फोनवर बोलत होता.

"कधी गेली ती?" बाईंनी विचारलं.

"अगं सांगितलं ना, आत्ताच—"

"राजा, हा आवाज माझा आहे. माझ्यासमोर नको काढूस."

पलीकडून आला तो सपाट, दमलेला आवाज. "वर्ष होत आलं. एकटा आलो असतो तर तुला कळलं असतं, म्हणून येणं टाळत होतो. तू मजेत होतीस. म्हटलं, कशाला उगाच."

"मी नव्हते मजेत," बाई म्हणाल्या. या वेळी हनुवटी वर गेली नाही. "बाबा होते तेव्हा ते पण नव्हते मजेत. मी तुला खोटं सांगितलं."

"माहितीये," तो म्हणाला. मग म्हणाला, "आता इथे चेहराच येत नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय."

"बघू नकोस तिकडे."

"बरं."

मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.