फिकट माशाचा उपास

माशांच्या खाद्याचा डबा उघडला, की सुक्या झिंग्यासारखा वास येतो अन् मला ती दुपार आठवते. सून पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी गेली होती आणि अमरावतीला तिच्या लाडक्या सिक्लिड माशांची जोडी माझ्या भरवशावर होती. एक मासा निळाजर्द, नुसता मिरवणारा, दुसरा फिकट. नटलेली ती बायको, असं मी आपलं ठरवून टाकलेलं. तर त्या फिकट नवऱ्यानं खाणंच सोडलं, गळा सुजला, दगडाआड बसून राहिला. सुनेला अशा दिवसांत मासा मेल्याची खबर कशी द्यायची? शेवटी चमचाभर हळद घेऊन टाकीपाशी गेले, तेवढ्यात तिचाच फोन. मी घाबरत सगळं सांगितलं. ती ओरडली, "आई, हळद काहून टाकून राहिल्या? थो नवरा नाही, बायको हाय! यायच्यात नवराच नटते. तिच्या तोंडात अंडे हायेत, म्हणून खात नाही थे!" मी हळद परत डब्यात टाकली अन् हसतच सुटले. पुढे त्या फिकट बायकोनं कणीएवढी पिल्लं तोंडातून सोडली आणि पहिला दाणा टिपला, तेव्हा माझ्याही घशाखाली घास नीट उतरला. आताही खाद्य टाकताना मी तिच्या लेकींना विचारते, जेवल्या का गं बायांनो?