सुरतला कशाला जायचं?

माझा आत्येभाऊ, आमचा दादा, नंदुरबारला सर्जन आहे. आमच्या अर्ध्या कोरीट गावाच्या पोटावर त्याचे टाके आहेत. अपेंडिक्स असो, हर्निया असो, आजही त्याच्याकडेच जावं, हे मी रागातसुद्धा सांगते.

पण माझ्या वडिलांच्या, बापूंच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा मी सुरतची पिशवी भरली होती. तिथल्या मोठ्या इस्पितळात हे ऑपरेशन नेहमीचं. दादा घरी आला, खाटेवर टेकला आणि म्हणाला, “मामा, मी शे ना. सुरतले काबर जावानं?” झालं! बहिणीच्या पोराला ओलांडून परक्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे बहिणीचा अपमान, असं आमच्याकडे मानतात. बापूंनी मला पिशवी रिकामी करायला लावली. मी केली. त्याचाही राग मला अजून येतो.

दादाने नंदुरबारलाच ऑपरेशन केलं आणि पाचव्या दिवशी अन्ननलिकेचा आतला जोड सुटला. मग अ‍ॅम्ब्युलन्सने सुरतच गाठलं, पण बापू वाचले नाहीत. दहाव्याला मी दादाला बाजूला घेऊन विचारलं, असली किती ऑपरेशनं केली होतीस? तो खाली बघत म्हणाला, “पहिलंच.”

आत्याला मी हे कळू दिलं नाही. तिच्या काळजीपोटी नाही, वेळ यायची वाट बघत होते म्हणून.

दोन वर्षांनी आत्यालाही तीच गाठ निघाली. दादाने कुणाला न विचारता तिला गाडीत घातलं आणि थेट सुरत गाठलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन तिथे गेले. आत्या खाटेवर, दादा तिच्या पायाशी. मी डबा ठेवला आणि विचारलं, “दादा, तू शे ना. सुरतले काबर जावानं?”

दुष्टपणाच होता, ठाऊक होतं मला. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून पोट भरल्यासारखं वाटलं.

आत्या आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली. मग त्याला म्हणाली, “मन्हा भाऊले काबर नही लयना रे आठे?” माझ्या भावाला का नाही आणलंस इथे, एवढंच.

उत्तर मीच देऊन टाकलं, की बापूंचं ऑपरेशन त्याचं असलं पहिलंच होतं.

आत्या बरी झाली. आता ती माहेरीच, माझ्याजवळ राहते. दादा दर रविवारी भेटायला येतो आणि ती आत जाऊन दार लावून घेते. मला त्याची दया येत नाही. मी त्याला चहा करून देते आणि तो संपेपर्यंत समोरच बसते.