तिसरी चावी

सिल्व्हर पार्कमधल्या एका गाळ्यात समाधान गाड्यांच्या चाव्यांची कामं करतो. हात चांगला आहे, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत आहे. स्कॅनरवर काही दिसलं की गिऱ्हाइकासमोर ते लगेच बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही.

फेब्रुवारीत उर्मिला मॅडमची गाडी सुरू होईना. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे गाडी चावीतल्या चिपला ओळखत नव्हती, आणि ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. मॅडमचा ड्रायव्हर लवूकाका बाजूला उभा होता; रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, आठ वर्षं याच गाडीवर. समाधानने स्कॅनर जोडला आणि स्क्रीन वाचता वाचता बोलून गेला, "मॅडम, तुमच्याकडे चाव्या दोन ना? गाडीत तीन रजिस्टर आहेत. कोणीतरी तिसरी बनवून घेतलीय."

मॅडमनी लवूकाकाकडे पाहिलं. "मी नाय बनवली," तो म्हणाला. एवढंच.

खरा बिघाड किरकोळ निघाला. कुलपाभोवतीच्या, चिप वाचणाऱ्या कॉइलचा प्लग सैल झाला होता, तो दहा मिनिटांत बसला. समाधानने सगळ्या चाव्यांच्या नोंदी पुसून दोनच पुन्हा नोंदवून दिल्या, वर "आता बिनधास्त राहा" असंही सांगितलं. लवूकाकाची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका गाडीसाठी समाधानने ड्रॉवरमधून आपली टेस्टिंगची चिप काढली. दोष चावीत आहे की गाडीत हे कळेना, की तो ही चिप तात्पुरती गाडीत नोंदवून बघतो. तिच्यावर पट्टी चिकटवून गाडीचा नंबर लिहितो आणि नोंद पुसली की पट्टी फाडतो. पट्टी तशीच होती. नंबर उर्मिला मॅडमच्या गाडीचा. दिवाळीच्या गडबडीत त्याने ती गाडी तपासली होती आणि नोंद पुसायची राहून गेली होती. त्यानंतर ही चिप लागलीच नव्हती. तिसरी चावी त्याचीच होती.

घरी जेवण गेलं नाही. बायकोने, पंचशीलाने विचारलं तर ॲसिडिटी म्हणाला. चार दिवस तो मनाची समजूत घालत राहिला की काकाला आतापर्यंत दुसरी गाडी मिळाली असेल. स्वतःची लाज वाटत होती, पण पाय उचलत नव्हता. पाचव्या दिवशी तो मॅडमकडे गेला.

"आता सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं त्यांच्याबद्दल." त्यांनी तिथेच खुलासा लिहिला, काकाला फोनही लावला. त्याने उचलला नाही.

मग समाधान गोडदेवला लवूकाकाच्या घरी गेला. भर दुपारी लवूकाका बिल्डिंगखालच्या बाकड्यावर बसला होता. समाधानने सगळं एका दमात सांगितलं, पट्टीचंसुद्धा. "माझीच चूक, काका. काय शिव्या घालायच्या त्या घाला. मॅडम परत बोलावतायत तुम्हाला."



"नोकरीचं बघू नंतर," लवूकाका म्हणाला. "मॅडमनी संशय घेतला, त्या परक्या. पण आमच्या सुलूनेपण विचारलं मला. तीस वर्षं झाली लग्नाला. म्हणाली, खरं काय ते सांगा, मी कुणाला बोलणार नाय."



"वर चल," लवूकाका उठत म्हणाला. "मला सांगितलंस ते तिला सांग. माझ्या तोंडून तिला पटत नाय."